ताकदीचं इंजेक्शन

आमच्या जुन्नरकडच्या दवाखान्यात आईकडून सिफिलिस घेऊन जन्मलेलं बाळ पूर्वी कधीतरी एखादं यायचं. आता एक घरी जातं न जातं तोच दुसरं येतं. नर्स असून मला त्यांच्या आयांची नावं आठवत नाहीत. घाटघरकडच्या त्या बाईचंही नाव विसरले, पण तिला विसरू शकत नाही.

तिच्या बाळाच्या तळपायांची साल निघत होती. कुणी बघायला आलं की ती आधी पदरानं त्याचे पाय झाकायची, मग हसायची.

गरोदरपणी तिनं उपचार घेतले होते, पण नवऱ्याकडून आजार परत आला होता.

"त्याला का नाही आणलंस तेव्हा?" मी विचारलं.

"घरी कसं सांगू, शिस्टर? ताकदीचं इंजेक्शन हाय म्हनलं. सासूबाईनी वर अंडी खायला घातली."

रागवायचं होतं, पण तेवढंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

दुपारी तिचा नवरा डबा घेऊन दारात आला. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हालाही तपासून इंजेक्शन घ्यावं लागेल."

तो हसला. "मला कशाला ताकदीचं? मी लई धडधाकट हाय."

तिनं बाळाच्या पायांवरचा पदर काढला.

"ताकदीचं नव्हतं ते. तुमच्याकनं आलेल्या आजाराचं व्हतं. हे बघा."

त्यानं पाहिलं. मग हातातला डबा कुठं ठेवावा, तेच त्याला कळेना.