पुंडलिकचं ऑर्कुटवरचं आवतण

देवरुखच्या पलीकडच्या डोंगरातला पुंडलिक सुतार दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कुवेतला आला. लाकडाचा जाणता माणूस. फळीवर तळहात फिरवला की ती पुढे कुठल्या अंगाला वाकेल ते सांगायचा. फरवानियातल्या एका खोलीत सहा खाटा होत्या, त्यात त्याची सातवी पडली. दिवसभर इमारतींच्या स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, संध्याकाळी भाकरी थापायची, मग खिडकीशी बसायचं. बोलायचं कुणाशी? खोलीत मराठी असा एकटा हरीश, नाशिककडचा प्लंबर, आणि त्याची जीभ म्हणजे करवत.

त्या हरीशनंच त्याला गल्लीतल्या बदरुद्दीनच्या इंटरनेटच्या दुकानात नेलं आणि ऑर्कुटवर खातं काढून दिलं. कुवेतमधल्या मराठी माणसांचा तिथे मोठा मेळा भरलेला. तीन आठवड्यांत पुंडलिकला सत्तावीस मित्र झाले.

पुंडलिक पडद्याकडे बघतच राहिला. "मित्र? ह्यांनी मला कुठं बघितलानी?"

"फोटो बघितला ना, भाऊ."

"आणि ह्या बाई? गाव कुठलं ह्यांचं? कुणाच्या कोण?"

"इथं तसलं विचारत नाहीत. बटण दाबलं, मैत्री झाली. आता चला."

पुंडलिक चालू लागला, पण मन तिथेच राहिलं. त्याच्या गावात मैत्रीला चाल होती. माणूस आधी अंगणात उभा राहतो, मग ओटीवर टेकतो, पाणी पितो. असे चार पावसाळे गेले की कधीतरी पानावर जेवायला बसतो आणि आपला होतो. इथे लोकांनी अंगण, ओटी, सगळं एका उडीत ओलांडलेलं. पण पुंडलिक कुणाला खोटं म्हणणारा नव्हता. त्याला वाटलं, मैत्री तर ह्या लोकांनी आपणहून दिली. जेवण मात्र आपल्याकडून राहिलंय.

मग त्यानं आवतण दिलं. तो सांगत गेला आणि हरीश हसत हसत टाइप करत गेला. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी एक वाजता आमच्या खोलीवर यावे. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. खाली पत्ता, मोबाइल नंबर. कोण काय खातं हे ठाऊक नाही, म्हणून बेत बिनमटणाचा.

दुसऱ्या दिवशी एकोणीस जणांनी लिहिलं होतं, "नक्की!" कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, कुणी नुसतेच हसरे चेहरे टाकले होते.

"एकोणीस," पुंडलिक म्हणाला. "बायकामाणसं धरून चाळीस पानं."

"चाळीस!" हरीशनं कपाळाला हात लावला. "भाऊ, चार आले तर मी मिशी काढीन."

गुरुवारी वाटाणे भिजले. शुक्रवारी पहाटेपासून खोबरं भाजलं गेलं, बदरुद्दीनकडून मोठं पातेलं आलं, सातही खाटा भिंतीला उभ्या राहिल्या, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली गेली. जिन्यापर्यंत वास दरवळला. एक वाजला. दोन वाजले. जिन्यात पाऊल वाजलं नाही.

"वाढा आता," हरीश म्हणाला. "पोटातले कावळे ओरडून मेले."

"पाहुण्याच्या आधी घास नाय."

"पाहुणे कसले? ते 'नक्की' म्हणजे नुसतं तोंडानं म्हणतात तसं असतं."

पुंडलिकला हरीशचं हसणं कराराची दोन वर्षं सोसता आलं असतं. पण ह्या परमुलखात आपल्याला आपलं म्हणावं असं कुणीच नाही, हे कबूल करणं जड होतं. तो उठला, हरीशला दंडाला धरून दुकानात घेऊन गेला आणि लिहायला लावलं: सांबारं तयार आहे. वाट चुकलात काय? कुणी आजारी आहे काय? फोन करा.

बदरुद्दीन खुदकन हसला. "अरे भाई, कंप्यूटर का दोस्त खाना नहीं खाता."

"फिर हां क्यों बोला?" पुंडलिकनं विचारलं.

दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. महबूल्याहून 'नक्की' लिहिणाऱ्यांतली चारुशीला नावाची बाई बोलत होती. नवरा शशिकांत मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. "अहो पुंडलिकभाऊ, तुम्ही खरंच स्वयंपाक केलात? मला वाटलं, असंच लिहिलंय."

"असंच कसं लिहीन, ताई? मी वाटाणे आणून मग लिहिलं."

मग ती म्हणाली, "निघालोच आम्ही."

साडेतीनला ती आली. बरोबर शशिकांत, आणि शेजारणीलाही तिनं गाडीत घातलेलं. ह्या रत्नमालाबाईंनीही 'नक्की' लिहिलं होतं, त्यामुळे त्या आधी जरा मान खाली घालूनच बसल्या. इंजिनिअरसाहेबांनी वर्तमानपत्रावर कशीबशी मांडी घातली. पुंडलिकनं पहिला वडा वाढण्याआधी विचारलं, "ताई, माहेर कुठलं?"

"चिपळूणजवळचं."

"मग आमचंच की!" म्हणत त्यानं दोन वडे जास्त वाढले. तिसऱ्या वाटीला शशिकांतनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. खोलीतली सगळी जेवली. चारुशीला हात धुऊन आली आणि तिनं पुंडलिकच्या हातातली पळीच काढून घेतली. "बसा आता तुम्ही. मी वाढते."

पाहुणी वाढायला उठल्यावर यजमानाला बसावंच लागतं. तो बसला.

पातेल्यात तीस माणसांचं उरलं होतं. चारुशीलानं आत डोकावून पदर खोचला. "हरीश, डबे शोधा. 'नक्की' लिहिणाऱ्या एकेकाच्या दारात नेऊन देते. बघू काय तोंड करतात!"

"तोंड कसलं करतायत?" पुंडलिक भरल्या घासानं म्हणाला. "जेवतील."