रंगवलेली शिंगे

रंगवलेल्या शिंगांचा बैल दिसला की ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. तेव्हा फौजदार म्हणून माझी नेमणूक शिरूर तालुक्यात होती.

भादवी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मांडवगण फराट्याकडच्या एका वस्तीवर सामायिक विहिरीची पाइपलाइन फुटली. विहिरीत हिस्सा असलेल्या एका बागायतदाराने अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. पोळा होऊन गेल्यावर खबऱ्याचा फोन आला.

"सायेब, मोबाइलवर व्हिडिओ फिरतोय. लोकं आप्पांच्या घराकडं निघाल्यात."

आप्पा विहिरीचे दुसरे हिस्सेदार. बापजादे मेंढरे राखायचे, हे शेतीत स्थिरावले. व्हिडिओत डावीकडे फुटलेल्या पाइपातून पाणी उसळत होते आणि उजवीकडे आप्पा कुऱ्हाड हाणत होते. मागे त्यांचा बैल बांधलेला. पावसाने ओढ दिलेली, ऊस पाण्यावर आलेला, आणि आप्पांची पाण्याची पाळी कायमची बंद करायची असे लोक ठरवून बसले होते. मी आप्पांना गर्दीतून काढून ठाण्यात आणले.

"कुऱ्हाड तुमचीच ना, आप्पा?"

"माझीच हाय. पर म्या बाभळ तोडत हुतो."

"यात बाभळ दिसत नाही."

"हात माझंच हायेत, एवढं मलाबी दिसतंय, सायेब. बाभळ कुठं गेली, ते तुमीच सांगा."

खोटे बोलणारा माणूस इतका सरळ अडचणीत जात नाही. सहकारी अटकेची तयारी करत होते, मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. शेवटी नजर बैलावर गेली. शिंगांवर हिंगुळाचा ताजा लाल रंग चमकत होता. मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची फक्त खांदेमळणी होते, म्हणजे हळद-तुपाने खांदे चोळतात; शिंगे रंगतात ती दुसऱ्या दिवशी, अंघोळ घातल्यावर. म्हणजे पाइप फुटला पोळ्याआधी आणि आप्पांचे चित्रण झाले पोळ्यानंतर!

व्हिडिओ पहिल्यांदा टाकला होता तक्रारदाराच्याच मुलाने. तो दौंडला लग्नाचे व्हिडिओ तयार करणाऱ्या दुकानात कामाला होता. पंच घेऊन आम्ही तिथे गेलो.

"थोडं क्रॉप केलंय. बाकी काय न्हाई," तो म्हणाला.

"आदल्या सांजेलाच काढलास?"

"व्हय."

"मग शिंगे कोणी रंगवली?"

त्याने पडद्यावर चित्र मोठे करून शिंगे पाहिली. त्यांच्या घरात बैल विकून ट्रॅक्टर आला, त्याला बरीच वर्षे झाली होती. नवरीच्या कपाळावरचा घाम पुसून देणारा हा गडी, पण बैलाकडे त्याने पाहिलेच नव्हते.

चित्राचा नको तो भाग झाकायला संगणकावर लावलेला मास्क त्याने स्वतःच काढला. आप्पांचे चित्र पूर्ण झाले आणि कुऱ्हाडीखाली बाभळीचा बुंधा दिसला. दोन वेगळी चित्रणे कापून त्याने एका चौकटीत शेजारी बसवली होती.

"पाइप माझ्याच ट्रॅक्टरखाली फुटला, सायेब. आमच्या आबांना कोण सांगणार?"

ते आम्हालाच सांगावे लागले. तक्रारदार म्हातारा, म्हणजे हेच आबा, ऐकून उठला. थेट विहिरीवर जाऊन आप्पांच्या पाळीची मोटर त्याने स्वतःच्या हाताने चालू केली. इकडे मी आप्पांपुढे चहा ठेवला, तर ते म्हणाले, "साक्ष बैलानं दिली आन् चा मला?"

झाकणारा त्याला महत्त्वाचे वाटते तेवढेच झाकतो. त्याला किरकोळ वाटलेले उघडे राहते, आणि तपास तिथूनच सुरू होतो, हे मी त्या बैलाकडून शिकलो. या तपासाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढच्या पोळ्याला आप्पांनी मला बोलावून ब्रश हातात दिला. पहिले शिंग मी रंगवले. वर्दीच्या बाहीवर हिंगुळाचा डाग पडला. ती बाही मी अजून धुऊ दिलेली नाही.