झेंडूच्या माळंखालचं चाक

चाक पापडासारखं मुडपलं आन गाडी आडवी झाली. समदी लोकं पळाली — भावजींकडं पळाली — आन मी जागची हलले न्हाई. मी आदी माझ्या कडंवर बघितलं. माझी आरू हाय का? हुती. कडंवरच हुती, बिस्किट चोखत. मग मी वराडले. त्याच्या आदी न्हाई.

हे कुनाला बोलले न्हाई मी. ह्यांना न्हाई, आईला न्हाई, देवीपुढं बी नीट न्हाई. तिथं बी तोंडातल्या तोंडात. तुमी मला वळखत न्हाई, म्हनून तुमाला सांगते. नीट सांगाया जमंल का? शाळा आठवीत सुटली माझी. जमंल तसं सांगते.

आमचे हे गेट-ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करत्यात. मोबाईलवर बघून बघून त्यांना खूळ लागलं, घरीच छोटी गाडी बनवायची. जुन्या रेसच्या गाड्या असायच्या ना, तशी. पंपाचं जुनं इंजन, बसायला एक फळी, आन चाकं तारांची, सायकलीला असत्यात तशी. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, म्हनायच्या, "म्हशीच्या पाटीएवढी गाडी, आन मिजास केवढी!" पन रोज सांजच्याला गाडीपाशी पयल्या त्याच.

ह्यांनी सायकलीची चाकं आनली हुती. हलकी, दिसायला झकास. मीच म्हनले, ही न्हाई चालायची. माझं माहेर जामखेडचं, तिथं वडलांचं, अप्पांचं, सायकलीचं दुकान, चाक बांधायला मी शाळा सुटायच्या आदी शिकले. सायकल वळताना कलती, म्हनून चाकावर वजन सरळ येतं. ही गाडी कलनार न्हाई. वळली की समदा दाब आडवा, चाकाच्या कुशीत. सायकलीचं चाक तिथं मरतं. मग भंगारातनं जुन्या मोपेडची चाकं आनली, बुटकी, जाड तारांची. गंजक्या तारा काढून नव्या मीच भरल्या. अंगनात बसून, चाक मांडीवर घेऊन.

अक्षय भावजी, ह्यांचे धाकटे भाऊ, तवा पोलीस भरतीची तयारी करत हुते. पहाटं कॅनॉलच्या कडंनं पळून यायचे, घाम पुसत माझ्यापुढं उभं राहायचे. "वैनी, लोकांच्या बायका माहेरनं भांडी आनत्यात, तुमी पाना आनला!" मी हासायचे. लई मान वाटायचा. भाकरी सोडून कशासाठी तरी लोकं माझ्या हाताकडं बघत हुती. मी आळीभर सांगत सुटले, माझं चाक तांदळाएवढं बी हलनार न्हाई.

आता चाक कसं असतं — आदी तारा हातानं नुसत्या बसवायच्या. मग चावीनं एकेक ओढायची, फिरवत फिरवत, समोरासमोरच्या बघत. न्हाई ओढलं तरी चाक सरळ दिसतं. फिरतं बी. पन त्याच्यात जीव नसतो. तीन चाकं मी ओढली. ह्यांनी चारी गाडीला बसवली आन म्हनले, चौथं जागेवरच ओढ. पुढचं डावं. मी उद्यावर टाकलं. का? आरू रडत हुती का? न्हाई. सैपाक राहिलता का? न्हाई. कंटाळा आलता.

दुसऱ्या दिशी खंडेनवमी. मी उठायच्या आत आत्याबाईंनी समदी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. विळा, कोयता, ह्यांचा हातोडा, आन मधी अप्पांची तारा ओढायची चावी, हळदीकुंकू लावून. आमच्यात एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं शिलंगण होईस्तोवर हत्याराला हात लावत न्हाईत. मागितली असती तर? आत्याबाई चिडल्या असत्या, फार तर. न्हाईतर म्हनायचं हुतं, शिलंगणाला गाडी नका काढू. पन भावजींनी गावभर करून ठेवलं हुतं, मी ह्याच गाडीत जानार म्हनून. आन माझं ते तांदळाएवढं.

ह्यांनी विचारलं, "चौथं ओढलं ना गं?"

मी म्हनले, "व्हय."

तुमी म्हनाल, खोटं बोलली. तेवढंच असतं तर मी कवाच सांगून मोकळी झाले असते. तेवढंच न्हाई ते.

दसऱ्याला सकाळी चाकांना झेंडूच्या माळा बांधायच्या हुत्या, ते बी काम माझंच. अप्पांची सवय हुती, तारंला नखानं टिचकी मारायची. ओढलेली तार टण्ण वाजती. मी मारली. तीन चाकं वाजली. चौथ्याला मारली — बद्द. ढिल्या बाजंवानी. मी परत टिचकी मारली न्हाई. माळ घेतली आन दाट गुंडाळली, तार दिसूच न्हाई अशी. म्हंजे मला म्हाईत हुतं. ते आता मी लपवत न्हाई.

तुमी काय केलं असतं? तुमाला धीर झाला असता का, समद्यांपुढं, नटलेल्या गाडीपुढं?

दुपार कलल्यावर भावजी गाडीत बसले. आरूला मांडीत घेतलं. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आरू टाळ्या पिटत हुती. ह्यांनी इंजन चालू केलं —

आन मी पुढं झाले, वाकले, आन आरूला उचललं. म्हनले, "हिला शी लागलीय."

लागली नव्हती.

भावजी म्हनले, "बरा मुहूर्त धरला गं पोरी!" समदे हासले. मी बी हासले. त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्या हातभर पुढं हुतं. एक शब्द हुता, उतरा. तो माझ्या तोंडातनं आला न्हाई. पोर कडंवर घेतली आन मी मागं सरले. चाकाखालचं लिंबू फुटलं. गाडी गेली. मारुतीच्या देवळापाशी वळन हाय, तिथवर माझी नजर त्याच चाकावर. मग ते मुडपलं.

गाडीचा लोखंडी पाईप गुडघ्यावर पडला. भावजींचा उजवा पाय आता वाकत न्हाई. भरती गेली, पळनं गेलं. ह्यांनी ते चाक हातात घेऊन लई वेळ बघितलं. समद्या तारा वाकड्यातिकड्या, त्याच्यात काय कळनार? मला काही विचारलं न्हाई. म्हनले, "वळन जोरात घेतलं त्यानं." तेच गावात झालं. आन भावजींनी बी तेच धरलं. दवाखान्यात मला म्हनले, "माझीच मस्ती, वैनी. बरं झालं, तुमी आरूला उतरवून घेतलं."

मी मान हलवली.

आत्याबाई म्हनत्यात, देवीनंच माझ्या नातीला शी आठवून दिली. दर दसऱ्याला देवीची ओटी भरत्यात त्यापायी. ह्या वक्ताला बी भरली. तांदूळ मी निवडले, नारळ मी धुतला. पाटावर अप्पांची चावी हुती, कुंकू लावलेली. तिला मी तवापासनं हात लावला न्हाई.

आरूला भावजींचा लई लळा. बोट धरून दुकानापर्यंत जाती त्यांच्यासंगं. परवा दारातनं बघितलं — ती बी उजवा पाय ताठ करून, ओढत चालली हुती. खेळ म्हनून. भावजी मागं बघून हासले, म्हनले, "बघा वैनी, माझी नक्कल!"

मघाशी मी तुमाला विचारलं, तुमी काय केलं असतं. ते आता विचारत न्हाई. मला म्हाईत हुतं, आन मी माझी पोर तेवढी उतरवली.