भाचीचा वरचा ओठ

गेल्या मंगळवारी सकाळी वरठीच्या स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत असताना माझ्या भाचीने मला एक अट घातली. डॉक्टरांसमोर वाद घालायचा नाही... फक्त सोबत बसायचे.

भाचीचे नाव पौर्णिमा. वय सत्तावीस, लाखांदूरच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी अड्याळला आमच्या घरी तिला पाहायला पाहुणे येणार होते, आणि त्याआधी तिला आपला वरचा ओठ भरून घ्यायचा होता.

आधीची दोन स्थळे बायोडेटाबरोबरचा फोटो पाहूनच परत गेली होती. दुसऱ्या वेळी मध्यस्थाकडून कारणही कळले... मुलीचे ओठ फार बारीक आहेत, चेहरा कडक दिसतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. अट डॉक्टरांसमोरची होती, त्यामुळे गाडीत मी माझे आक्षेप मांडलेच. कुणाच्या आवडीनिवडीवरून तुझ्या ओठांत दोष आहे हे सिद्ध होत नाही. उपाय काही महिन्यांचा आणि लग्न आयुष्याचे, तेव्हा साधन साध्याला पुरत नाही. आणि जे घर ओठांची जाडी पाहते ते घर आपणच नाकारावे... हा मुद्दा तर मी निर्णायक समजत होते.

"आत्या, तुझं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण या डब्यात कोणी परीक्षा देऊन नाही राहिलं." समोरच्या बाकावरची बाई हसली. तरी माझी बाजू लंगडी आहे असे मला मुळीच वाटत नव्हते.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पर्याय नीट उलगडून सांगितले. फिलर, म्हणजे जेलचे इंजेक्शन, जे काही महिन्यांत विरते. स्वतःच्याच शरीरातली चरबी काढून ओठात भरणे. आणि कायमचे हवे असेल तर शस्त्रक्रिया. प्रत्येकातले धोकेही त्यांनी न विचारता सांगितले... माझ्या वर्गात असत्या तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

मग त्या पौर्णिमाला म्हणाल्या, "ओठ सैल सोड बरं." आपण सोडले असे तिला वाटले. "अजून सैल... दात दातांवर नको ठेवू." तीन-चार वेळा सांगूनही तिला ते जमेना.

शेवटी त्यांनी तिची हनुवटी बोटाने हलकेच खाली घेतली. आणि क्षणभर चारचौघींसारखा, पुरेसा भरलेला ओठ दिसला.

"तुझा ओठ तितका बारीक नाही. तू तो आत दाबून धरते. केव्हापासून?"

पौर्णिमा प्रयोगवहीतली नोंद वाचावी तशा आवाजात म्हणाली, "हसली की हिरड्या दिसतात माझ्या. फोटोच्या वेळी आत्या म्हणे, तोंड मिट. मग फोटो नसला तरी मिटलेलंच राहू लागलं."

हे खरे आहे. आमच्या घरात फोटो निघे तो माझ्या देखरेखीखाली... शाळेच्या ओळखपत्राचा, बक्षीस समारंभातला, स्थळांना पाठवलेलाही. मी तिच्यावर कधी रागावले नाही. फक्त दर वेळी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून खूण केली.

गाडीत मी तीन आक्षेप मांडले होते. एकही माझ्यावर नव्हता...

डॉक्टर म्हणाल्या, फिलर करता येईल, पण सवय त्याने जायची नाही. थोडे थांबून पाहा. पौर्णिमाने नकारार्थी मान हलवली. "सवय केव्हा जाईल मॅडम? पाहुणे तर रविवारी येऊन राहिले." तिने इंजेक्शन घेतले, आणि तिला अडवण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

परतताना ती सुजलेल्या ओठांवर ओढणी धरून बसली होती. मी म्हणाले, "पौर्णिमा, माझं चुकलं." तेवढे तीन शब्द जुळवायला मला जवळजवळ सगळा प्रवास लागला.

"जाऊ दे न आत्या," ती ओढणीआडून म्हणाली. "मले तर तोंड मिटलेलाच फोटो चांगला वाटायचा."

तिने मला दोष दिला असता तर मी त्याचे काही करू शकले असते...

रविवारपर्यंत सूज उतरली. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईने स्वयंपाकाचे काही विचारले नाही, शाळेचे विचारले. मुलाने आपल्याच टकलावर विनोद केला आणि सगळी बैठक हसली. पौर्णिमा भरलेले ओठ घट्ट मिटून खाली पाहत राहिली.

निघताना मुलाच्या आईने मला बाजूला घेतले. "पोरगी चांगली आहे, मॅडम. पण हासत काहून नाही? जबरदस्तीनं तर नाही बसवलं तिले?"

मी म्हणाले, "नाही, जबरदस्ती नाही." ते विधान खोटे नव्हते... पण ते खरे आहे असे म्हणण्याची माझी हिंमत होत नाही.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. पौर्णिमाने मला सोबत नेले, याबद्दल मी तिची ऋणी आहे. नेले नसते तर मी आजही स्वतःला निर्दोष समजत असते. त्या ऋणाचा तिला काही उपयोग नाही, हेही मला कळते.

आज सकाळी लाखांदूरच्या एसटीला निघण्याआधी ती आरशासमोर उभी राहून हसून पाहत होती. हिरड्या दिसत होत्या, आणि ती सुंदर दिसत होती... तेवढ्यात आरशात तिला मी दिसले, आणि तिने तोंड मिटले.