पावतीवरचे नऊ ठिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. देवापुढे हात जोडले आणि हा विषय मनात आला की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून घेते — पोराचा खोकला, आईचे गुडघे — आणि दिवा लावून उठते.

शनिवार पेठेतल्या आमच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कधी आलात, तर काउंटरमागे बसलेली बाई म्हणजे मी, योगिता. फोन हातात घ्यायच्या आधी मी तुम्हाला विचारेन — गेम खेळता का? तो ईमेलला जोडलाय, की पाहुणा म्हणून खेळताय? लोक हसतात. मग मी समजावते, पाहुणा म्हणून खेळलात तर तुमचा सगळा खेळ त्या एका फोनातच राहतो. फोन पुसला गेला तर फोटो परत येतील, नंबर येतील, खेळ येणार नाही. "आमच्या योगिताताई आधी फोनची कुंडली मांडतात," मालक इक्बालभाई सांगतात, "मगच हात लावतात." लोक म्हणतात, बाई किती काळजीने सांगते. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, लाजते.

ही काळजी मी कुठे शिकले — तेच सांगायचं आहे. सरळ सांगता आलं असतं तर इतके दिवस गप्प कशाला बसले असते?

मी गोंदियाकडच्या खेड्यातली. आठवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या कंपनीमागे पुण्यात आले, कुणी ओळखीचं नाही, बोलायला गेले तर आमचं 'करून राहिली' ऐकून समोरचा गालात हसायचा. इक्बालभाईंनी मला फोनवर काचा चिकटवायला ठेवलं. त्यांचे आजोबा याच दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. माझा हात स्थिर आहे हे त्यांनी ओळखलं आणि एकेक करून फोन उघडायला शिकवलं. त्या माणसाचं मीठ मी खाल्लंय. आणि त्यालाच पहिल्या दिवशी सांगितलं होतं — बारावी झालेय. कागद त्यांनी मागितला नाही.

इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी यायची. शब्द जुळायचा नाही. मग काम कसं करायची? जागेवरून. खाली उजवीकडचं निळं म्हणजे हो. डावीकडचं म्हणजे नको. आणि फोन जड झाला, अडकायला लागला, की एक काळा पडदा उघडायचा — तिथे बोट चालत नाही, बाजूची बटणं दाबत ओळी उतरायच्या. आवाज कमी करायचं बटण पाच वेळा, मग पॉवर. साठलेला कचरा साफ. मी जप केल्यासारखी मोजायची. त्या ओळीत काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. वाचणार कशी?

हे एकाच माणसाला कळलं होतं. सुलभाकाकूंना.

काकू जवळच दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. काच बदलायला आल्या होत्या. फोन माझ्या हातात असताना त्यावर काहीतरी उमटलं. "काय म्हणतंय ग?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जाहिरात आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एक छोटी वही घेऊन आल्या. पानापानावर फोनच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द, मोठ्या अक्षरात. शेजारी उच्चार आणि मराठीत अर्थ. इक्बालभाई आत चहा घेत होते तेवढ्यात ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये सरकवली. "कव्हरं दाखव," मोठ्याने म्हणाल्या, आणि हळूच, "रोज पाच."

असं कोण करतं हो, परक्या बाईसाठी?

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, रिटायर होईपर्यंत. नंबर त्यांच्या तोंडात असायचे. इक्बालभाईंनी एकदा गंमत म्हणून विचारलं, आमच्या दुकानाचा जुना नंबर सांगा बघू. काकूंनी कव्हरं चाळता चाळता सांगितला. इक्बालभाई म्हणाले, "अब्बांनासुद्धा आठवायचा नाही." त्या स्मरणशक्तीचा काकूंना अभिमान होता. त्यांच्याकडे तेवढंच होतं अभिमान धरण्यासारखं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि फोनवर एक शेत होतं. शेतीचा गेम. सहा वर्षं रोज सकाळी त्या पेरायच्या, कापायच्या, गायींना चारा घालायच्या. गायींना एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींची नावं — मालती, पद्मा, फर्नांडिस. "फर्नांडिस दूध कमी देते," मला सांगायच्या, "ऑफिसातही कामचुकारच होती." त्या मैत्रिणींपैकी दोघी गेल्या होत्या. शेतात तिघी चरत होत्या.

एका मंगळवारी त्यांनी फोन आणून दिला — अडकतोय म्हणाल्या. अडकणारच, सुप्रभातच्या चित्रांनी गच्च भरलेला. ती चित्रं काढून टाकली असती तरी भागलं असतं. दहापैकी आठ फोनांना तेवढंच लागतं, बाकी आम्ही दुकानदार उगाच मोठे होतो. मलाही व्हायचं होतं. काकूंचं काम आहे, जरा जास्तच नीट करू.

आमच्या पावतीवर खाली नऊ ठिपके छापलेले असतात. गिऱ्हाइकाने फोन उघडायचा आपला पॅटर्न त्यावर काढून द्यायचा. काकूंनी पेनाने काढला, बाण दाखवून. "ही माझी ऑफिसची वाट," म्हणाल्या. "जिना उतरायचा, उजवीकडे वळायचं, चढ चढायचा, पुन्हा उजवीकडे. आंधळी झाले तरी चुकणार नाही." मी तोच पॅटर्न काढून फोन उघडून बघितला. लगेच उघडला.

मग तो काळा पडदा. पाच वेळा खाली.

काकूंच्या फोनचं ते बटण झिजलेलं होतं. एक दाब लागलाच नाही. मी पाच मोजले, फोनने चार मोजले. कचरा पुसणारी ओळ आणि तिच्या वरची, सगळा फोन पुसणारी ओळ — दोन्ही एकाच शब्दाने सुरू होतात. नक्की का, असं विचारणारी पाटी आली. ती नेहमीच येते. मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने फोन सुरू झाला आणि भाषा कोणती हवी ते विचारायला लागला. कोरा फोन विचारतो तसा.

मी फोन पालथा ठेवला. काकूंचा खेळ पाहुणा म्हणून होता, हे मला माहीत होतं. पण खरं सांगू — त्या क्षणी शेत आठवलंच नाही. आठवले इक्बालभाई. ते विचारतील, पडद्यावर लिहिलेलं असतं ना? वाचलं नाहीत का?

पावती मी चार घड्या घालून पर्समध्ये टाकली. संध्याकाळी घरी गॅसवर जाळली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या मुलाबरोबर. अभिजित शहराच्या टोकाला, मांजरीला, नव्या सोसायटीत राहतो. आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायला आला होता. मी रात्रभर घोकलेलं बोलून टाकलं — काकूंनी पावतीवर दुसराच पॅटर्न काढून दिला होता, मी तो पुन्हा पुन्हा लावला, फार वेळा चुकला म्हणून फोन आपोआप पुसला गेला. काही फोन तसं करतात. काकूंचा तसं करणारा नव्हता. पण कोण तपासणार? पावतीही कुणी मागितली नाही. मी तर योगिताताई.

फोटो आले, नंबर आले. शेत आलं नाही. काकूंनी दोनदा उघडून बघितलं — मोकळी जमीन, एक झोपडी, आणि पेरायचं कसं ते शिकवणारा बाहुला. "सहा वर्षांची शेती गेली," त्या म्हणाल्या. इक्बालभाई म्हणाले, "काकू, सातबारा काढून ठेवायचा नाही का?" सगळे हसले. काकूही हसल्या. मीही.

अभिजित हसला नाही. त्याला वेगळीच काळजी होती. महिन्यापूर्वी काकूंनी दूध गॅसवर ठेवलं आणि शेजारणीशी बोलत राहिल्या, भांडं करपलं. तेव्हापासून तो म्हणत होता, आई विसरायला लागलीय, मांजरीला चल. काकू म्हणत होत्या, दूध तुझ्या बायकोचंही उतू जातं. तो माझ्याकडे वळला. "ताई, संकोच करू नका. आईनेच चुकीचा काढून दिला होता ना?"

तेव्हा तरी मला थांबता आलं असतं.

"थांब," काकू म्हणाल्या. काउंटरच्या काचेवर त्यांनी बोट टेकवलं आणि सावकाश ओढलं. खाली. उजवीकडे. वर. उजवीकडे. "हा काढला होता. हाच ना ग, योगिता?"

हाच होता. जाळलेली पावती माझ्या डोळ्यांसमोर होती, बाणासकट.

मी म्हणाले, "हा नव्हता, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

त्यांना माझं गुपित माहीत होतं. हिला इंग्रजी वाचता येत नाही, हिनेच काहीतरी दाबलं असेल — एवढं एक वाक्य, आणि त्या सुटल्या असत्या. बोलल्या नाहीत. मला वाचवायला? की खरंच स्वतःवरचा विश्वास उडाला म्हणून? पुष्कळ दिवस मी पहिलंच खरं मानून बसले. तेच जरा बरं वाटायचं.

पंधरा दिवसांत त्या मांजरीला गेल्या, अकराव्या मजल्यावर. दोन खोल्या बंद झाल्या. अभिजितने स्मार्टफोन काढून घेतला — उगाच कुणी फसवायला नको — आणि बटणांचा साधा फोन दिला. तो वाईट मुलगा नाही. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, इतकंच.

ती वही मी त्यानंतर घरी बसून पूर्ण वाचली. आता मला वाचता येतं. काळ्या पडद्यावरच्या सगळ्या ओळी येतात. वहीत 'रीसेट' होतं, सगळा फोन पुसणाऱ्या त्या ओळीतला शब्द. अर्थ: पहिल्यासारखं कोरं करणे. आणि खाली बारीक अक्षरात काकूंनी लिहिलं होतं — कुणालातरी विचारल्याशिवाय दाबू नये. मी त्या पानापर्यंत पोचले नव्हते.

गेल्या दिवाळीआधी त्या दुकानात आल्या. अभिजित गाडी लावायला जागा शोधत होता. वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, साडी कडक. साध्या फोनची रिंग मोठी करून हवी होती. मी करून दिली. इक्बालभाई आत होते. दुकानात आम्ही दोघीच.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तो पॅटर्न मग कुठला काढला होता ग मी? खूप आठवून बघते. येतच नाही."

मला वाचवायला त्या गप्प बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. इतके महिने त्या अकराव्या मजल्यावर बसून, कधी न काढलेला पॅटर्न आठवत होत्या.

दुकानात कुणी नव्हतं. अभिजित नव्हता. एक वाक्य पुरलं असतं.

मी काचेवर बोट टेकवलं आणि सुचेल तो काढला — आडवी रेघ, तिरकी रेघ, आडवी रेघ.

"असा?" काकू म्हणाल्या. "असा का बरं काढला असेन मी?"

मग त्यांनी बोट टेकवून तो गिरवला. एकदाच बघितला होता, तरी एकही ठिपका चुकला नाही. मान वर करून त्यांनी विचारलं, "बरोबर?"

मी म्हणाले, "बरोबर, काकू."