इन्स्पेक्टर त्या मुलीला हाक का मारतो?

मंडळी, ज्या जुन्या रहस्यपटावरून आपण ग्रुपवर भांडतो, तो आज दुपारी ताईसोबत परत पाहिला. लातुरात नळाला पाणी नाही, म्हणून सध्या मी नांदेडला तिच्याकडेच आहे.

त्यातली घरमालकीण वरच्या खोलीतल्या आपल्या मुलीशी बोलत असते. शेवटी कळतं, मुलगी कधीचीच मेलेली. इन्स्पेक्टरला हे पहिल्यापासून ठाऊक असतं. मग तो जिन्यातून वर बघत "बेटा, जेवलीस का?" असं का विचारतो?

मी आपले सगळे तर्क ताईला सांगितले. तोच खुनी असेल, नाहीतर त्यालाही भास होत असतील.

"न्हाई रे," ताई म्हणाली. "त्या बाईसमोर पोरीचं नाव काढायला समदे भितेत. त्यानं तेवढं काढलं."

मग पडद्याकडं बघतच म्हणाली, "मनू गेल्यापासून माझ्याशी तिच्याबद्दल कुणीच बोलत न्हाई. तू बी न्हाई."

मनू तिची मुलगी. गेल्या उन्हाळ्यात तापानं गेली. नाव काढलं तर ताई रडेल, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मी टीव्ही बंद केला. "शाळेतून आल्यावर मनू आधी काय मागायची गं?"

ताई रडलीच. पण रडत रडत बोलत राहिली. भाऊजी दारात येऊन उभे राहिले, मग तिथंच खाली बसले.

"शेवटी तिनं मला हाक मारली म्हणे," ते म्हणाले. "मी रिक्षा आणायला गेलतो."

हे मनात सलतंय, असं ताईला आजवर त्यांनी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याही घरात कुणाचं नाव घ्यायचं थांबलंय का?