अर्जवाले आबा

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांच्याइतके अर्ज तालुक्यात दुसऱ्या कुणी केले नसतील. तळोद्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात मी मास्तर म्हणून हजर झालो, त्याच संध्याकाळी ते पागोटं सावरत दारात उभे राहिले. "मास्तर, एक अर्ज लिखी द्या." मागणी एकच. गाव आणि पलीकडची भिल्लवस्ती यांच्यामधल्या नाल्यावर दगडी फरशी, म्हणजे बुटका पूल, बांधून द्यावी. सुईण सोनीबाई त्या वस्तीत राहायची. एका पावसाळ्यात आबांची सून अडली. खाटेवर घालून तिला नाल्यापर्यंत नेलं, आणि पूर ओसरायची वाट बघता बघता ती काठावरच गेली.

निवडणूक आली तेव्हा उमेदवार धोतर गुडघ्यावर धरून हाच नाला ओलांडून आले आणि फरशीचा शब्द देऊन गेले. सारा भरणाऱ्या मोजक्यांनाच तेव्हा मत असे. आबा नवं धोतर नेसून, बैलांना झुली घालून मत द्यायला गेले, आणि परत येईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. तेच साहेब निवडून आले. मग मी मुंबईला अर्ज लिहू लागलो. 'विचार चालू आहे' असं उत्तर दोनदा आलं. आबांनी ते दोन्ही कागद देव्हाऱ्यात ठेवले. पुढे युरोपात लढाई पेटली, मंत्र्यांनी राजीनामे दिले, कारभार गव्हर्नराकडे गेला आणि आमच्या साहेबांच्या हाती काहीच उरलं नाही.

मी तेव्हा तरुण होतो, खादी वापरायचो, पारावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. एकदा चिडून म्हणालो, "आबा, देश मोठा की तुमचा नाला?"

ते शांतपणे म्हणाले, "मन्ही सून नालाना काठवर मरी गई, मास्तर. तठे देस नव्हता का?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

त्या वर्षी त्यांची लेक गंगू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. दिवस श्रावणात भरत होते. चैत्रात आबांनी मला सांगून टाकलं, "आते अर्ज नको. तठून कोनी येवाव नही." आणि ते उठून थेट वस्तीत गेले. वस्तीची एक रीत होती. एकाच्या कामाला सगळी वस्ती राबते. मजुरी नाही, पोटभर जेवण. मात्र ज्यानं हाक मारली, त्यानं पुढे त्यांच्या कामाला जायचं. आबांनी हाक मारली. चाळीस माणसं आली. दिवसभरात अर्धा नाला दगडांनी बांधून झाला, आणि अंगणात भाकरी, वरण, गूळ असं जेवण झालं. आमच्या गावाला वाटलं, जेवू घातलं, संपलं.

चार दिवसांनी वस्तीतला दित्या आला. त्याला पावसाआधी घर शाकारायचं होतं. "आबा, सकाय मन्हा घर येनं पडी."

गावात हसण्याची लाट आली. जमीनदार माणूस भिल्लाच्या छपरावर चढणार! भाऊबंदांनी आबांना बजावलं की तिथे गेलात तर आमची पंगत विसरा. आबा रात्रभर ओसरीवर बसून होते, असं गंगूच्या आईनं मला नंतर सांगितलं. पंगत सुटली तर पुढे लेकीबाळींच्या सोयरिकी अडल्या असत्या. न जावं तर उरलेला अर्धा नाला तसाच राहिला असता.

सकाळी ते निघाले. बरोबर मी एकटाच. साठी उलटलेला तो माणूस धोतर खोचून शिडी चढला आणि मी खालून गवताचे भारे देत राहिलो. दुपारी दित्याच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. आबा हात धुऊन सर्वांबरोबर बसून जेवले आणि म्हणाले, "ठेचा झकास शे."

पुढच्या आठवड्यात वस्ती पुन्हा नाल्यावर उतरली. थोड्या वेळानं आमच्या गावातले दोघेतिघेही माना खाली घालून आले आणि दगड उचलू लागले. आबांनी त्यांना एका शब्दानं टोचलं नाही. मी असतो तर सोडलं नसतं.

श्रावणात नाला भरून वाहत असताना गंगूला कळा सुरू झाल्या. सोनीबाई फरशीवरून घोट्याएवढ्या पाण्यातून, दित्याचा हात धरून चालत आली. मुलगी झाली. आबांनी मला मिठी मारली आणि ते लहान पोरासारखे रडले.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत मी मत दिलं, पण नव्या गावात गेलो की आधी तिथला नाला बघून यायचो.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी गंगूनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. आबा गेले होते. भाऊबंदांची पंगत त्यांना शेवटपर्यंत बंद होती; तिरडीपाशी मात्र सगळे आले. पुढचा खांदा दित्यानं दिला, आणि कुणीही त्याला अडवलं नाही.

पत्र वाचलं तेव्हा मी वर्गात होतो. मुलांसमोरच मला रडू आवरलं नाही.